एक्क्याऐंशी वर्षे न दिसलेला पक्षी

कोकिळेचे कूळ म्हटले की दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारे पक्षीच आपल्याला आठवतात. पण या कुळातल्या सुमारे १५० जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती स्वतःचे घरटे बांधतात. कुंपणाकडेने डुलत चालणारा आपला भारद्वाज त्यांपैकीच. त्याचा एक दूरचा भाऊबंद सुमात्राच्या डोंगरी जंगलात राहतो. कार्पोकॉक्सिक्स व्हिरिडिस हे त्याचे शास्त्रीय नाव. आपण त्याला भूकोकीळ म्हणू.

ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन निसर्गअभ्यासकाने १८७८ साली पश्चिम सुमात्रातून जमवलेल्या पक्ष्यांत तो होता. साल्वादोरी यांनी १८७९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कार्पोकॉक्सिक्स म्हणजे ‘फळ-कोकीळ’. नाव तसे फसवेच, कारण या प्रजातीतले पक्षी मुख्यतः जमिनीवर हिंडून किडे टिपतात. बोर्निओतला याचा भाऊ तर रानडुकरांच्या मागोमाग फिरताना पाहिला गेला आहे. डुकरे माती उकरतात, उघडे पडलेले किडे हा खातो. (गुरांमागे चालणारे बगळे मुलांनी पाहिलेले असतातच.)

१९१६ नंतर सुमात्रात एकही नमुना मिळाला नाही. त्याची फारशी चिंताही कोणी केली नाही, आणि त्याचे एक कारण कागदावरचे होते. सुमात्रा व बोर्निओ येथले पक्षी एकाच जातीचे मानले जात. बोर्निओत आहे ना, मग जात सुरक्षित! कोलर आणि लाँग यांनी १९९६ मध्ये संग्रहालयांतले नमुने तपासून या दोन जाती वेगळ्या असल्याचे मांडले. आम्हाला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्गीकरण म्हणजे पाठांतर असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना तो जरूर सांगावा.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, बुकित बारिसान सेलातान राष्ट्रीय उद्यानात एक जिवंत पक्षी पकडला गेला व त्याचे छायाचित्र निघाले. २००६ मध्ये केरिंची सेब्लात उद्यानात स्वयंचलित कॅमेऱ्याने आणखी एक टिपला.

दाट झाडोऱ्यात जमिनीवर वावरणारा हा बुजरा पक्षी डोळ्यांपेक्षा कानांनी शोधणे सोपे. पण त्याचा आवाजच कोणाला ठाऊक नव्हता! पारध्याने पकडलेला एक पक्षी संशोधकांच्या हाती आला, तेव्हा २००७ मध्ये तो प्रथम ध्वनिमुद्रित झाला. मुद्रित आवाज जंगलात वाजवून उत्तराची वाट पाहणे त्यानंतरच शक्य झाले. उत्तर आले नाही म्हणून पक्षी नाही, असे अर्थातच म्हणता येत नाही. तो गप्पही असू शकतो. पुन्हापुन्हा जाऊन ऐकावे लागते. बुकित बारिसानमध्ये कॉफीच्या लागवडीसाठी जंगल तुटत आले आहे, तेव्हा हे काम सवडीने करण्यासारखे नाही.