लोहमार्गावरील इजा व स्वामीचें दायित्व

यानाच्या अपघाताचा दोष सारथ्याचा कीं स्वामीचा, हा विचार मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आला आहे. सारथि अकुशल असल्यामुळें हानि झाली तर स्वामीस २०० पण दंड. सारथि कुशल असेल तर दंड सारथ्यासच.

हाच प्रश्न इंग्लंडांत इ. स. १८६६ मध्यें टनी विरुद्ध मिडलंड रेल्वे या खटल्यांत उपस्थित झाला. लोहमार्गाच्या कामावर राहिलेलें साहित्य गाडींत भरणाऱ्या एका मजुरास बर्मिंगहॅमहून रोज नेणें-आणणें ही त्याच्या नोकरीची अटच होती. परततांना गार्डाच्या हयगयीनें टक्कर होऊन तो जखमी झाला. न्यायालयानें दावा फेटाळला. गार्ड व मजूर एकाच स्वामीचे सेवक; सहसेवकाच्या चुकीचा धोका मजुरानें नोकरीबरोबरच पत्करला, असें ठरलें. स्वामीनें अकुशल सेवक नेमल्याचें सिद्ध झालें तर गोष्ट निराळी. सेवकांपुरतें मनूचें व इंग्रजी न्यायाचें सूत्र येथें एकच दिसतें.

याच्या थोडेंच आधीं, १८५६ ते १८६३ पर्यंत, आपल्याकडे बोरघाटाचें काम चाललें होतें. १८६१ च्या आरंभीं तेथें ४२,००० वर मजूर होते. काम मक्त्याचें, म्हणून कंपनी व मजूर यांच्यामध्यें मक्तेदार उभा. इ. स. १८५५ च्या तेराव्या कायद्यानें, दुसऱ्याच्या हयगयीनें मेलेल्याच्या स्त्रीस, आईबापांस व मुलांस दाव्याचा हक्क मिळाला होता. पण हयगय सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावरच. उलट १८६० च्या नवव्या कायद्यानें लोहमार्गादि कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटानें त्वरित तोडावे असें ठरलें. मजुरीस त्वरित न्याय, आणि मोडलेल्या हातापायांस दिवाणी दावा!

ही कोंडी फोडली ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाची हयगय सिद्ध न करतांही मागतां येऊं लागली; बाराव्या कलमानें मक्तेदाराच्या मजुरास मूळ मालकाकडेही मागणी करण्याची वाट मोकळी झाली. सारथि कीं स्वामी, हा प्रश्नच बाजूस सारला तेव्हां मजुराच्या पदरीं कांहीं पडलें. सहसेवकत्वाचें तें तत्त्व पुढें इंग्लंडांत १९४८ सालीं व भारतांत १९५१ सालीं कायद्यानेंच रद्द झालें.

कायद्यांचे ग्रंथ जतन होतात. मक्तेदारांच्या हजेरीवह्या व मुकादमांच्या उचलीच्या चोपड्या मात्र रद्दींत जातात. मजूर कोणाच्या चाकरींत होता, हें अशाच वहींतील एका ओळीवरून कळतें. संग्राहकांनीं सनदांच्या शेजारीं तिलाही जागा द्यावी, अशी आमची विनंति आहे.