दत्तपुत्राचे नाव : धारच्या इतिहासातील एक प्रकरण

सरदारपूर हे माहीकाठचे जुने छावणीचे गाव. तेथून पूर्वेस धारला जाणाऱ्यास दूरवरून धारचा किल्ला दिसू लागतो. माळव्यातील या संस्थानावर मराठी पवारांचे राज्य होते, आणि त्या घराण्याचा वंश औरस संततीपेक्षा दत्तविधानानेच अधिक चालला. ‘दत्तक’ या शब्दावर जे उपदेश करतात त्यांनी हा इतिहास एकदा नजरेखालून घालावा.

सन १८०७ मध्ये आनंदराव पवार मरण पावले. त्या वेळी त्यांची पत्नी मैनाबाई गरोदर होती. तिने मांडूच्या आश्रयास जाऊन पुत्रास जन्म दिला व त्याचे नाव रामचंद्रराव ठेविले. घराण्यातील अनौरस दावेदार मुरारीराव गादीसाठी उठला होता. शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांनी मुलूख पोखरला होता. अशा काळात त्या विधवेला राज्य राखावयाचे होते ते तान्ह्या मुलाच्या नावाने. पण सन १८१० च्या सुमारास तो मुलगाच वारला.

मैनाबाईने शिंदे व होळकर यांच्या संमतीने आपल्या बहिणीचा मुलगा लक्ष्मणराव यास दत्तक घेतले आणि त्याचे नाव रामचंद्रराव असेच ठेविले. पुढे १० जानेवारी १८१९ रोजी इंग्रजांशी तह झाला तो याच अल्पवयी राजाच्या कारकीर्दीत. तो सन १८३३ मध्ये निवर्तला.

या नामांतरापाशी मन थबकते. राजकारणाच्या दृष्टीने त्यात शहाणपण होते; ज्या नावाने गादीचा हक्क सांगितला तेच नाव पुढे चालू राहिले. पण आईच्या दृष्टीने? ‘रामचंद्रा’ अशी हाक मारताना तिच्या डोळ्यांपुढे कोणता मुलगा उभा राहत असेल! झाशीतही असेच घडले. गंगाधररावांचा दामोदर हा तान्हा मुलगा वारला. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी आनंदराव नावाच्या मुलास दत्तक घेतले व त्यास दामोदरराव हे नाव दिले. तो दत्तक इंग्रजांनी नाकारला व झाशी खालसा केली, हे सर्वश्रुत आहे. येणाऱ्या मुलाने गेलेल्याची जागा भरून काढावी, ही अपेक्षा आजच्या कुटुंबांतही आढळते, आणि तिचा भार ते मूल मुकाट्याने वाहते.

धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मदात्या पित्याचे गोत्र व वारसा सुटतो. नवा संबंध तात्पुरता नव्हे. तो पुत्रत्वच होय. पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना हा शब्द योजिला तो रोमी कायद्याच्या जगात. त्या कायद्यातही दत्तकास पुत्राचे पूर्ण हक्क मिळत. मराठी वाचकास तर तो अर्थ घरचाच आहे. परंतु उत्पत्तीच्या ४८ व्या अध्यायात याकोब योसेफाच्या दोन्ही मुलांना आपले म्हणून घेतो, तेथे एफ्राईम एफ्राईमच राहतो व मनश्शे मनश्शेच. मैनाबाईस दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तिच्यावर जो प्रसंग होता तो याकोबावर नव्हता.

आमच्या मंडळ्यांत मात्र वेगळीच अडचण दीर्घकाळ होती. सन १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता होता. व्यासपीठावरून दत्तकपणाचा उपदेश ऐकणाऱ्या ख्रिस्ती जोडप्याने अनाथ मूल घरी आणले, तर त्यास बहुधा सन १८९० च्या कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की तेही संपे. वारसा आपोआप मिळत नसे. मृत्युपत्र करून ठेवावे लागे. बालन्याय अधिनियम सन २००० मध्ये झाला, २००६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि सन २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या अधिनियमाखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीस दत्तक घेता येते. तरीही त्याआधी वाढविलेली कित्येक मुले आज प्रौढ आहेत. त्यांच्या आईवडिलांना मृत्युपत्राविषयी विचारणे हे पाळकाचे काम आहे, आणि ते त्यांच्या हयातीतच विचारावे लागते.