पितळेचा कण आणि नंबरचा चष्मा

पितळ चुंबकाला चिकटत नाही. शाळकरी पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट एके काळी डोळ्यांच्या दवाखान्यात फार महागात पडायची. 1879 मध्ये बर्लिनच्या युलियस हिर्शबर्ग यांनी डोळ्यात घुसलेली लोखंडाची कपची विद्युतचुंबकाने बाहेर ओढण्याची युक्ती काढली. पुढे 1892 मध्ये झुरिकच्या ओटो हाब यांनी त्यासाठी अवाढव्य चुंबकच उभा केला. लोहाराच्या आणि फिटरच्या डोळ्याला त्यामुळे आशा निर्माण झाली. तांबटाच्या आणि कासाराच्या डोळ्याला या शोधाचा काडीचाही उपयोग नव्हता.

डोळ्यात राहिलेल्या तांब्याची वागणूकही विचित्र. कण शुद्ध तांब्याचा असेल तर डोळा थोड्याच काळात पेटतो आणि बहुधा जातो. पितळेसारख्या, तांब्याचा अंश कमी असलेल्या धातूचा कण मात्र सावकाश तांबे सोडत राहतो. महिन्या-वर्षांनी डोळ्याच्या नैसर्गिक भिंगावर पाकळ्या पाकळ्यांची हिरवट नक्षी उमटते. नेत्रवैद्यांनी तिला सूर्यफुली मोतीबिंदू असे नाव दिले आहे.

हे सांगायचे कारण भंडारा. वैनगंगेच्या काठचे हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी विदर्भात कधीपासून ओळखले जाते. 1908 च्या इम्पीरियल गॅझेटियरनेही पितळकाम हाच इथला मुख्य धंदा म्हणून नोंदवला आहे. घागरी, गुंड, परात, तांब्या, ताटे. लग्नाची भांडी घ्यायची तर भंडाऱ्याची, असा लौकिक होता. या धंद्याबद्दल लिहिताना लोक भांड्याच्या नादाबद्दल आणि झळाळीबद्दल लिहितात. ते भांडे घडवणाऱ्याच्या डोळ्यांबद्दल सहसा कोणी लिहीत नाही.

खरे तर या कामात डोळ्याला पावलोपावली धोका आहे. मोड वितळवताना मूस भट्टीत जाते. पितळ वितळते साधारण 900 ते 940 अंश सेल्सियसला आणि त्यातले जस्त 907 अंशांनाच उकळू लागते. म्हणजे रस ओतण्याजोगा होईतो जस्ताची वाफ निघू लागलेली असते आणि हवा लागताच ती हिरवट-पांढऱ्या लखलखाटाने जळते. रस नीट झाला की नाही हे कारागीर त्या लखलखाटाकडे पाहूनच ओळखतो. नजर फिरवून चालत नाही. साच्यात ओल राहिली असेल तर ओतलेला रस उसळतो. पुढे ऐरणीवर ठोकणे आले, कानस आली, लेथवर भांडे चढवून साफ करणे आले आणि आता बफचे चाक आले. प्रत्येक पायरीला काही ना काही उडते, आणि तोंड कामाच्या वीतभर अंतरावर असते.

त्यात चाळिशी लागते. हात ज्या वयात सर्वांत पक्का होतो, नेमके त्याच वयात जवळचे दिसेनासे होते. मग बाजारातून चाळिशीचा चष्मा येतो आणि भट्टीपाशी बसतो. त्या चष्म्याने काही डोळे वाचवले हे मान्य करायला हवे. रसाचा बारीक थेंब काचेवर बसून गार झाला तर डोळा बचावतो. पण बाजूने, खालून, वरून सगळे उघडेच. शिवाय ती काच साधी. मोठी कपची जोरात आदळली की काचच फुटते आणि डोळ्यात धातूबरोबर काचेचेही तुकडे जातात. चष्मा पाहण्यासाठी असतो, अडवण्यासाठी नव्हे. नंबरवाल्या माणसाची अडचण तिथून सुरू होते आणि शंभर वर्षे झाली तरी ती पुरती मिटलेली नाही.

गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चष्म्याच्या ज्या सेल्युलॉइडच्या फ्रेम निघाल्या, त्यांचे मूळ द्रव्य नायट्रोसेल्युलोज. बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचेही तेच. फरक नायट्रेशनच्या प्रमाणाचा. ठिणगी पडली की भुर्रकन पेटणारी वस्तू माणसे नाकावर ठेवून भट्टीपुढे बसत होती. पुढे ॲसिटेटच्या फ्रेम आल्या आणि हा धोका टळला.

युरोपात भट्टीच्या उजेडाची दखल काचकामगारांमुळे घेतली गेली. वर्षानुवर्षे तापलेल्या काचेकडे पाहून त्यांना अकाली मोतीबिंदू होत असे. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यावर समिती नेमली आणि म्हाताऱ्या सर विल्यम क्रूक्स यांनी काचेत निरनिराळे धातू मिसळून तीनशेहून अधिक प्रयोग केले. उष्णता आणि अतिनील किरण अडवतील, पण दिसणे फारसे मंदावणार नाही, अशा काचांची कृती त्यांनी 1914 मध्ये प्रसिद्ध केली. सिरियम घातलेल्या या काचा ‘क्रूक्स’ नावाने जगभर विकल्या गेल्या. आपल्याकडेही चष्म्याच्या दुकानात क्रूक्सच्या फिकट छटेची काच मिळू लागली. फक्त ती घेणारे गिऱ्हाईक उन्हाने डोळे दिपणारा वकील किंवा मास्तर असे. जिच्यासाठी ती काच जन्मली त्या भट्टीपर्यंत ती क्वचितच पोचली.

जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, दुसरीच कथा चालू होती. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी 1896 मध्ये निघाली आणि नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातले मँगनीज विलायतेला जाऊ लागले. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मोर यांनी 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. इथल्या एका खडकाला त्यांनी गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या भंडाऱ्यातल्या खाणी आजही चालू आहेत. चिखल्याची जमिनीखाली, डोंगरी बुजुर्गची उघडी. यंत्रे येण्याआधी खनिज हातोड्याने फोडायचे, हातानेच निवडायचे. त्या निवडीला बाया बसत. हातोडा, कठीण दगड आणि पुढे झुकलेला चेहरा: डोळ्याच्या दुखापतीला याहून अधिक काही लागत नाही.

1962 मध्ये सरकार आणि जुनी कंपनी यांच्या भागीदारीत मॉयल ही मँगनीज कंपनी स्थापन झाली. 1977 मध्ये जुन्या कंपनीचा उरलेला 49 टक्के वाटाही सरकारने घेतला. खाणकामगाराला 1952 च्या खाण कायद्याचे छत्र मिळाले, आणि त्याखालच्या नियमांनी डोक्यावर हेल्मेट व पायात बूट आले. डोळ्याचा नंबर नेहमीच शेवटी लागतो. डोके फुटले तर पंचनामा होतो. डोळ्यात गेलेला कण संध्याकाळी घरी पदराच्या टोकाने काढला जातो.

कारखान्यांसाठी 1948 चा कायदा आला. त्याचे 35 वे कलम डोळ्यांसाठीच होते: ज्या कामात कण उडतात किंवा उजेड अतोनात असतो तिथे आडपडदा किंवा योग्य गॉगल द्यावा लागेल, असा नियम राज्य सरकार करू शकत होते. काम करणाऱ्यालाच नव्हे, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यालाही. कलम चांगले होते. पण कारखाना कशाला म्हणायचे? विजेवर चालत असेल तर दहा कामगार, विजेविना असेल तर वीस. घरामागे भट्टी घालून बाप, दोन मुले आणि एखादा मदतनीस एवढ्यांवर चालणारे कासाराचे दुकान या व्याख्येत बसत नव्हते. म्हणजे धोका किती हा प्रश्नच नाही. माणसे किती, एवढाच प्रश्न. भंडाऱ्यातल्या डोळ्यांचा इतिहास या एका ओळीने ठरवला आहे असे म्हणायला हरकत नाही.

या रेषेच्या पलीकडे मोठे कारखाने आले. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना 1964 चा, गडेगावचा अशोक लेलँड 1982 चा, वरठीचे सनफ्लॅग पोलाद 1980 च्या दशकातले. तिथे वेल्डिंगचा काळा मुखवटा, भट्टीची निळी काच, ग्राइंडिंगचा पारदर्शक गॉगल, आम्लासाठी चेहऱ्याला चिकटून बसणारा बंद गॉगल अशी प्रत्येक कामाची वेगळी वस्तू आली. आयएस 5983 हे डोळ्यांच्या संरक्षणाचे भारतीय मानकही 1980 मध्ये सुधारून निघाले. अर्थात गॉगलची मर्यादा गॉगलचीच. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. तसल्या अपघातापुढे अंगावरची कुठलीच वस्तू पुरत नाही.

पण रोजच्या कामात गॉगल पुरतो, आणि तिथेच नंबरवाला अडतो. कलम 35 ‘योग्य’ गॉगल म्हणत होते, चष्म्याच्या नंबरबद्दल काही बोलत नव्हते. साधा गॉगल चष्म्यावर बसत नाही. बसवला तर काड्यांपाशी फट राहते आणि नाकाचा पूल दुखतो. दोन काचांच्या मध्ये घाम साठतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या भंडाऱ्यात हे प्रकरण दहा मिनिटेही टिकत नाही. मग माणूस दोहोंपैकी एक काढतो. चष्मा काढला तर दिसत नाही, म्हणून गॉगल कपाळावर जातो आणि साहेब दिसले की खाली येतो. याला कामगाराचा निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. मुळात ती वस्तू त्याच्या चेहऱ्यासाठी केलेलीच नाही.

यावरचा तोडगा रसायनशास्त्राने दिला. 1953 मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांना, एकमेकांचा पत्ता नसताना, एकच प्लास्टिक सापडले: पॉलिकार्बोनेट. काचेसारखे पारदर्शक, पण आघाताने तडकण्याऐवजी वाकणारे. अपोलोच्या चांद्रवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमट याचाच होता. पुढे त्यात नंबर घासता येऊ लागला. म्हणजे पाहणे आणि अडवणे या दोन्ही गोष्टी प्रथमच एका भिंगात आल्या. त्याला ओरखडे चटकन पडतात, म्हणून वर कडक थर द्यावा लागतो.

आणि जिल्ह्यात सर्वांत जास्त माणसे ज्या कामात आहेत ते काम? भंडारा हा धानाचा जिल्हा. कापणी झाली की शेतात पुंजणे रचले जातात, मग मळणी. पूर्वी खळ्यावर बैल फिरत, आता थ्रेशर धडधडतो आणि कुसळ, तूस, धूळ यांचा ढग उडतो. धानाचे कुसळ बुबुळाला नुसते ओरखडले तरी त्यातून बुरशी आत शिरते. भातपिकाच्या सगळ्याच मुलखांत बुबुळावर फूल पडण्याचे हे मोठे कारण आहे. घरगुती इलाज, एरंडेल, दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब यांनी ते चिघळते. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात झालेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. ओरखडा उठल्यापासून अठरा तासांच्या आत प्रतिजैविक मलम मिळालेल्या एकाही माणसाच्या बुबुळात जखम चिघळली नाही. साधे मलम, गावातला आरोग्यसेवक आणि वेळ, एवढाच खर्च. थ्रेशरसाठी आपल्याकडे 1983 चा धोकादायक यंत्रांचा कायदा आहे, पण त्याचा रोख यंत्रात जाणाऱ्या हातांवर. डोळा तिथेही राहूनच गेला.

पोरांच्या खेळांनीही गावोगाव आपला वाटा उचलला आहे. विटी, गलोल, दसऱ्याचे धनुष्यबाण: नेत्रतज्ज्ञांच्या लिखाणात हे सगळे दुखापतीची कारणे म्हणून येतात. आता शहरांत शिकायला, नोकरीला गेलेली मुले एअरसॉफ्ट खेळतात. सत्तरीच्या दशकात जपानमध्ये, तिथल्या कडक शस्त्रबंदीमुळे, निघालेला हा खेळ. खोट्या बंदुकीतून 6 मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी उडते. 0.20 ग्रॅमची ती गोळी सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटली की तिची ऊर्जा बरोबर 1 ज्यूल भरते. अंगावर लाल वळ उठतो, डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो.

योगायोग असा की युरोपच्या ईएन 166 मानकात कारखान्याचे गॉगल तपासायलाही 6 मिलिमीटरचीच गोळी मारतात, पोलादी. ‘एफ’ खुणेसाठी वेग सेकंदाला 45 मीटर, ‘बी’ साठी 120. एफच्या परीक्षेतली ऊर्जा 1 ज्यूलच्याही थोडी खाली राहते. बीची सहाच्या आसपास जाते. म्हणून एअरसॉफ्टसाठी एफ नको, बी हवा, किंवा अमेरिकेची झेड 87 प्लस ही खूण हवी. नंबरवाल्याला तीन वाटा आहेत: चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल, गॉगलच्या आत अडकवायची नंबरची छोटी चौकट, किंवा बाजूच्या कडांसह पॉलिकार्बोनेटचा नंबरी सेफ्टी चष्मा. खेळात गोळी कुठूनही येते, म्हणून चेहऱ्याला चहूकडून टेकणाऱ्या पहिल्या दोन वाटाच खऱ्या. तिसरी लेथसाठी आणि ग्राइंडरसाठी ठीक. पहिलीत वाफ धरते, तेव्हा हवा खेळती ठेवणारी जाळी आणि वाफरोधक थर पाहूनच घ्यावा. नुसता रोजचा चष्मा, मग तो कितीही महागाचा असो, या कामाचा नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. तिच्यात कारखान्याची व्याख्या आणखी वर सरकली: विजेवर वीस कामगार, विजेविना चाळीस. घरामागची भट्टी आधीही बाहेर होती, आता तिच्या जोडीला आणखी दुकाने बाहेर गेली. खळे तर कधीच आत नव्हते. तेव्हा तिथला गॉगल घरच्यांनीच आणायचा आहे. चष्मेवाल्याकडे जाताना नंबरचा कागद सोबत न्यावा, भिंग पॉलिकार्बोनेटचेच मागावे आणि वरून घालायचा गॉगल असेल तर तो चष्मा घातलेल्या चेहऱ्यावर, मान खाली घालून, चांगला पाच मिनिटे पारखूनच पैसे द्यावेत.