कंटिकेची साक्ष

स्पंजाच्या रूपावर विसंबलं की फसगत ठरलेली. एकच जात शांत पाण्यात फांद्या फोडते आणि लाटांच्या माऱ्यात खडकावर सायीसारखी पसरते. मुळात हा प्राणी की वनस्पती, हाच वाद फार काळ चालला. १८२५ साली रॉबर्ट ग्रांट यांनी जिवंत स्पंजाच्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडताना पाहिली, तेव्हा तो वाद निवळू लागला. पण प्राणी कोणता, हे ओळखायला आधी त्याचं मांस नाहीसं करावं लागलं. तुकडा नायट्रिक आम्लात टाकायचा. पेशी विरघळतात, तळाशी पांढरी भुकटी उरते. ती धुऊन काचपट्टीवर घेतली, की सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या सांगाड्यातल्या सिलिकाच्या कंटिका दिसतात: सुया, टाचण्या, नांगर, चांदण्या. (चुन्याच्या कंटिका मात्र आम्लातच विरघळतात, त्यांना ब्लीच बरं.) ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर हेन्री कार्टर यांनी १८४९ साली मुंबई बेटावरच्या तळ्यांतल्या स्पंजांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांतल्या एका जातीला पुढे ब्रिटिश स्पंज-अभ्यासक बोअरबँक यांनी कार्टर यांचंच नाव दिलं. याच बोअरबँक यांनी ब्रिटिश स्पंजांवरच्या ग्रंथात कंटिकांना वर्गीकरणाचा कणा केलं. कार्टर इंग्लंडला परतले आणि मन्नारच्या आखातासारख्या उष्ण समुद्रांतल्या स्पंजांना नावं देत बसले.

आता डीएनए वाचता येत असताना ही भुकटी कशाला, असं कुणी विचारेल. आक्षेप पोकळ नाही. प्रवाळखडकांवरच्या पिंपाएवढ्या झेस्टोस्पाँजियाच्या कंटिका जवळजवळ एकाच साच्याच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. जनुकं तपासल्यावर तिथे एका नावाखाली एकाहून अधिक जाती असल्याचं दिसलं. आंघोळीच्या स्पंजात तर कंटिकाच नसतात, नुसते धागे. म्हणजे कंटिका अचूक नाही, हे मान्य. पण जातीचं नाव जनुकांना नव्हे, संग्रहालयातल्या मूळ नमुन्याला बांधलेलं असतं. नवा स्पंज जनुकांनी वेगळा ठरला, तरी तो खरंच नवा की फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क किंवा कार्टर यांनी आधीच नाव दिलेला, हे त्या जुन्या नमुन्याशी ताडूनच कळतं. दीडशे वर्षं कोरड्या पडलेल्या तुकड्यात वाचण्याजोगा डीएनए बऱ्याचदा उरत नाही. त्याचाच टाचणीच्या डोक्याएवढा कण ब्लीचमध्ये टाकला, तर कंटिका मात्र शाबूत निघतात.