थ्रेड : नगरचा समुद्र आणि निळा देवमासा

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. नगरच्या निजामशाहीला मात्र होता. तिचे बंदर चौल. त्याच्याच शेजारी, रेवदंड्याला, पोर्तुगीजांनी आपले ठाणे वसवले आणि १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने त्याला वेढा घातला. वेढा फसला. आपण नगरकर हे प्रकरण बहुधा दोन ओळींत उरकतो.

त्याच रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जून २०१५ मध्ये एक निळा देवमासा जिवंत येऊन रुतला. लांबी सुमारे ४२ फूट. त्याला पाण्यात परत लोटण्याची शिकस्त झाली, पण तो वाचला नाही. पूर्ण वाढलेला निळा देवमासा याच्या जवळजवळ दुप्पट लांब असतो. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी तो. त्या मानाने रेवदंड्याचा हा पाहुणा पोरच म्हणायचा.

त्याच वर्षी सिंधुदुर्गात, कुणकेश्वरच्या समुद्रात, अभ्यासकांना निळे देवमासे दिसले होते. वृत्तपत्रांचे मथळे होते : ‘शंभर वर्षांनंतर दर्शन’. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थबकावे. शंभर वर्षे देवमासे नव्हते, की नोंद नव्हती?

नोंदींचे काय होऊ शकते, याचा दाखला याच समुद्रात आहे. १९६३ ते १९६७ या काळात ‘स्लावा’ आणि ‘सोव्हिएत्स्काया उक्राइना’ हे सोव्हिएत शिकारी ताफे अरबी समुद्रात आणि भोवतालच्या हिंदी महासागरात फिरत होते. त्यांनी १,२९४ निळे देवमासे मारले. आंतरराष्ट्रीय आयोगाकडे मात्र खोटे आकडे गेले. निळ्या देवमाशाच्या शिकारीवर जगभर बंदी आली ती याच काळात.

खरे आकडे टिकले ते काही सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या हिमतीमुळे. दिमित्री तोर्मोसोव्ह यांनी शिकारीचे अस्सल अहवाल स्वतःच्या घराच्या तळघरात दडवून ठेवले. १९९३ मध्ये अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी ही लबाडी जगापुढे मांडली, आणि पुढे युरी मिखालेव्ह यांनी अरबी समुद्रातल्या शिकारीचा तपशील प्रसिद्ध केला. दप्तरखान्यात खोटा कागद आणि तळघरात खरा : आम्हांला साधनचिकित्सा शिकवताना हे उदाहरण कुणी का देत नाही, कोण जाणे.

आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य घोषित केला. तेव्हा ते १,२९४ अजून गुप्तच होते.