हवानाची हवा

एखादी वस्तू अस्सल की नकली हे ओळखण्याची पुण्यात एक जुनी रीत आहे. दुकानावर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी असली की माल अस्सल. दुकानदार हसून 'या, बसा' म्हणाला तर मात्र पिशवी काखोटीला मारून सरळ बाहेर पडावं. ही कसोटी मला जन्मभर पुरली असती. पण आमचे चिरंजीव ऑफिसच्या कामासाठी मेक्सिकोला गेले आणि येताना अण्णामामांसाठी क्यूबाच्या सिगारची पेटी घेऊन आले. तिथे आमची रीत तोकडी पडली.

अण्णामामांचं वय ८२. बँकेत ३५ वर्षं नोकरी केली आणि त्याहून जास्त तळमळीने युनियन केली. तंबाखूला त्यांनी कधी बोट लावलेलं नाही. पण मार्च १९८३ मध्ये दिल्लीला अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली, तिथे फिडेल कास्ट्रोंनी भर सभेत इंदिरा गांधींना मिठी मारली, आणि पेपरातला तो फोटो पाहिल्यापासून क्यूबाचा एक तरी सिगार आपल्या घरात असावा, असं मामांच्या मनाने घेतलं. ओढायचा नाही, नुसता असावा.

"ओढायचा नाही तर हवा कशाला?" मामी विचारत.

"घरात ज्ञानकोशाचे खंड आहेत. ते आपण वाचतो का?" मामा म्हणत, आणि त्यावर मामींकडे उत्तर नसे.

त्यामुळे ती पेटी हातात पडली तेव्हा मामांचे डोळे पाणावले. पिवळ्या-काळ्या पट्टीचे २५ कोहिबा, वर झकास काचेचं झाकण. मामांनी शोकेसमधली सेवानिवृत्तीची चांदीची ढाल मागे सारली आणि पेटी पुढे मांडली. चिरंजीवांनी किंमत सांगितली तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. ती महाग होती म्हणून नव्हे, स्वस्त होती म्हणून. शिवाय विकणारा समुद्रकिनाऱ्यावरचा फिरता विक्रेता होता आणि, चिरंजीवांच्याच शब्दांत, 'फार गोड बोलत होता'.

आता आमचा स्वभाव असा, की वस्तू आधी घ्यायची आणि तिच्याविषयी वाचायचं नंतर. वाचायला बसलो आणि बघता बघता पार १४९२ सालापर्यंत मागे गेलो. कोलंबसाची माणसं क्यूबात उतरली तेव्हा तिथले लोक पानांच्या सुरळ्या पेटवून धूर घेताना त्यांना दिसले. पुढे पोर्तुगिजांच्या गलबतांतून तंबाखू आपल्या दक्षिणेत आली. अकबराचा असद बेग नावाचा सरदार १६०४ च्या सुमारास विजापूरला आला होता. त्याला ती तिथे सापडली आणि नवलाची चीज म्हणून त्याने ती बादशहाला नेऊन दिली. हकीम नको नको म्हणत असताना अकबराने एक-दोन झुरके घेतलेच. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. बंदी गेली, तंबाखू राहिली. म्हणजे दिल्लीला हे व्यसन आपल्या दख्खनेने लावलं! मामांना हे सांगितलं तेव्हा मराठी माणसाने दिल्लीवर झेंडा लावल्याच्या थाटात त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

नकलेचा इतिहासही असाच भारदस्त आहे. हवानाच्या मालाचं नाव झालं तसा युरोपात जो तो आपल्या सुरळीला हवाना म्हणू लागला. शेवटी १८८९ साली स्पेनच्या राजाच्या हुकमाने पेटीवर हमीचा कागद डकवायला सुरुवात झाली. क्यूबा स्वतंत्र झाल्यावर १९१२ मध्ये त्याचा रीतसर कायदाच झाला. मग नकली माल करणाऱ्यांनी काय केलं? त्यांनी तो कागदही छापला.

पुढे कास्ट्रो आले. १९६० मध्ये सिगारचे कारखाने सरकारजमा झाले. मालक परदेशी गेले. जाताना कारखाना उचलून नेता येईना, म्हणून नाव तेवढं घेऊन गेले. त्यामुळे एकाच नावाचे सिगार क्यूबातही होतात आणि शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्येही. भावाभावांत वाटण्या झाल्या की समोरासमोरच्या दोन्ही दुकानांवर 'मूळ' अशी पाटी लागते ना, अगदी तसं. १९६२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. त्या हुकमावर सही करण्याआधी अध्यक्ष केनेडींनी आपल्या सचिवाला पिटाळून बाजारातले मिळतील तितके क्यूबन सिगार गोळा करायला लावले होते. ते १२०० मिळाले. मग त्यांनी सही केली. बंद पडायच्या आधी कोट्याची साखर घरात भरून ठेवणारे आमचे वाड्यातले लोक उगाच बदनाम झाले म्हणायचे.

कोहिबाची गोष्ट आणखी वेगळी. तो १९६६ पासून खास कास्ट्रो आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी वळला जाई. बाजारात आला १९८२ मध्ये. तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, कास्ट्रोंनी स्वतः सिगार सोडला. आणि मी ज्या ओळीवर अडखळलो ती अशी : कोहिबाचे सिगार काचेच्या झाकणाच्या पेटीत कधीच येत नाहीत. ती पेटी दिसली की पुढे काही तपासायची गरजच नाही.

तरीही मी तपासलं. आशा वाईट असते. पट्टीच्या काळ्या भागातले पांढरे ठिपके सरळ ओळीत हवेत. आमचे ठिपके गणपतीच्या मिरवणुकीसारखे चालले होते. पेटीच्या तळाला भाजून उठवलेली 'एचो एन कूबा' आणि 'तोतालमेंते आ मानो', म्हणजे क्यूबात केलेला आणि संपूर्ण हाताने केलेला, ही अक्षरं हवीत. ती मात्र आमच्याकडे ठसठशीत होती. लोखंडाचा ठसा काय, कोणीही तापवावा.

शेवटची परीक्षा उरली, पोट फाडण्याची. अस्सल हवानात लांब, अखंड पानं असतात, नकलीत चुरा. मामा दुपारचे झोपले असताना मी एक सिगार आणि विळी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. तिथे पोळ्या करणाऱ्या मावशी पिठाचे हात पुसत जवळ आल्या.

"दादा, विळी नका लावू. पान फाटंल. आणा इकडं."

मावशींनी लग्नाआधी नि नंतर मिळून १६ वर्षं भवानी पेठेत विड्या वळल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेलं टेंभुर्णीचं पान, चिमूटभर निपाणीची तंबाखू, दोऱ्याचा एक वेढा, आणि दिवसाला हजाराचा हिशेब. त्यांनी सिगार कानाशी धरून दाबला, हुंगला आणि नखाने वरचं पान अलगद उलगडलं. आत चुराच होता. त्यात एक देठाची काडीसुद्धा.

"झाडून गोळा केलेला माल हाय," त्या म्हणाल्या. "पण दादा, वळणारीचा हात बघा. पान तिरकं घेतलंय, शिर वर येऊ दिली न्हाई, तोंड कसं बंद केलंय! बाईच आसंल. लई वर्सांचा हात हाय. तिला जे दिलं ते तिनं वळलं."

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आमच्या चांगल्या विड्यासुद्धा छाट म्हून बाजूला काढायचे. त्याचे पैसे कापायचे आन् त्याच विड्या इकायचे. आमचा खरा माल खोटा, आन् ह्यो खोटा माल खरा!"

सहा हजार वाटांनी हिंडून आलेला माझा सगळा अभ्यास त्या एका वाक्यापुढे ओट्यावर सांडलेल्या चुऱ्यासारखा वाटला. इतक्या वाचनात मी पेटी पाहिली, कागद पाहिला, ठिपके मोजले. हाताकडे बघायचं मला सुचलं नव्हतं.

मागे कोणीतरी खाकरलं. मामा दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"नकली आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मामा स्टुलावर बसले. जरा वेळाने म्हणाले, "१९६६ साली आपल्याकडे कायदा झाला, विडी आणि सिगार कामगारांचा. दोघांचा मिळून एकच कायदा. तेव्हा मला वाटायचं, विडीच्या शेजारी सिगार कशाला घातलाय?" मग मावशींकडे वळून विचारलं, "छाटेचे किती कापायचे हो?"

मावशींनी सांगायला सुरुवात केली. मामांनी चष्मा लावला, वही मागवली आणि पुढचा तासभर जुन्या मजुरीचा हिशेब चालला. मामांना इतक्या खुशीत मी पेटी आली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. पोळ्या त्या दिवशी दीड तास उशिरा झाल्या आणि मामींनी त्याचं खापर कास्ट्रोंवर फोडलं.

पेटी आजही शोकेसमध्येच आहे, ढालीच्या पुढे. आत २४ सिगार. फक्त काचेवर मामांच्या बँकेतल्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी डकवलेली आहे :

'सिगार नकली आहेत. वळणारी अस्सल आहे. मागू नयेत.'