मंडळी, फड, पार्टी, मंडळ : गाणाऱ्यांनी घेतलेली नावे

'बँड' हा शब्द उच्चारला की आमच्या मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी अद्यापही वरातीपुढचा पितळी वाद्यांचा ताफाच डोळ्यांसमोर येतो. चार-सहा गाणारे-वाजवणारे एकत्र येतात, आपल्या समूहाला एक नाव घेतात आणि पुढे त्या नावानेच ओळखले जातात, या अर्थाचा बँड आपल्याकडे अलीकडचा आहे. ही घटना मात्र अलीकडची नाही. फड, मंडळी, जलसा, कलापथक, पार्टी, संच, भजनी मंडळ अशा निरनिराळ्या शब्दांनी ती मराठी मुलखात किमान दोनशे वर्षे चालत आली आहे. नाट्येतिहासकारांनी मंडळींच्या स्थापनेची साले, त्यांतील फाटाफूट, त्यांची कर्जे यांच्या नोंदी परिश्रमपूर्वक केल्या. नावांकडे मात्र त्यांनी पाटीवरचा मजकूर यापलीकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. वास्तविक गाणाऱ्यांनी नाव कोणाचे घेतले, यावरून समूह कोणाच्या मालकीचा होता हे कळते. त्यातले कोण इतिहासात उरले आणि कोण गळाले, याचाही पुष्कळसा उलगडा होतो.

पेशवाईतील शाहिरांपासून सुरुवात करणे सोयीचे. 'होनाजी बाळा' हे नाव आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की ती एकच व्यक्ती असावी, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. एम. ए.च्या उत्तरपत्रिकांतही तो भेटतो. होनाजी शिलारखाने हा रचना करणारा आणि बाळा करंजकर हा गळ्याचा धनी. दोघांचा मिळून फड. म्हणजे हे नाव कवी आणि गायक यांना एका ओळीत समान जागा देणारे जोडनाव आहे. पुढे छापील पुस्तकांचा काळ आला, रचनेला ग्रंथात स्थान मिळाले, आवाजाला मिळणे शक्यच नव्हते. परिणामी बाळा हा होनाजीच्या नावाचा शेपटासारखा भाग होऊन राहिला. वाङ्मयेतिहास शब्दांचा असतो हे मान्य केले, तरी येथे नावाने जे जपून ठेवले होते ते इतिहासाने हरवले, असे म्हणावे लागते.

नाटक मंडळ्यांचा आरंभ गावाच्या नावाने झाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. त्यानंतर सांगलीकर, इचलकरंजीकर, आळतेकर अशा मंडळ्या निघाल्या. येथे गावाचे नाव हे पत्त्यासारखे आहे, पण त्यात आश्रयदात्याचा निर्देशही आहे. मंडळी परगावी गेली की तिचे नाव त्या संस्थानाची ओळखच सोबत नेई. गणपतराव जोशी ज्या मंडळीतून गाजले तिने 'शाहूनगरवासी' असे भारदस्त नाव घेतले. त्यातले शाहूनगर म्हणजे सातारा. गावाचे नाव जरा संस्कृत वळणावर नेले की मंडळीची पत वाढते, हे त्या काळी चांगलेच उमगलेले असावे.

१८८० साली 'शाकुंतल' झाले आणि गावाच्या जागी माणूस आला. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले, परंतु 'किर्लोस्कर नाटक मंडळी' त्यांच्या मागे कित्येक वर्षे चालली. मृत माणसाचे नाव जिवंत मंडळीला पुरले, कारण तोवर ते एका नाट्यपद्धतीचे नाव झाले होते. 'गंधर्व नाटक मंडळी'ची गोष्ट वेगळी. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. भागीदार तिघे, पण नाव एकाच्या पदवीचे. 'बालगंधर्व' ही पदवी लोकमान्यांनी दिली अशी परंपरा आहे, आणि तिकिटे त्याच नावावर खपणार हेही उघड होते. पुढे टेंबे गेले, बोडसही गेले. नावातच ज्यांना वाटा नव्हता ते बाहेर पडले, असे म्हणणे थोडे अतिशयोक्त होईल, परंतु हा योगायोग अगदीच अर्थशून्य वाटत नाही.

गंधर्व हा शब्द मग मापासारखा वापरला जाऊ लागला. छोटा गंधर्व झाले, कुमार गंधर्व झाले. रामभाऊ कुंदगोळकरांना 'सवाई गंधर्व' ही उपाधी अमरावतीत दादासाहेब खापर्डे यांनी दिली, असे सांगितले जाते. टिळकांनी 'बाल' म्हटले, तर टिळकांच्या वऱ्हाडी सहकाऱ्याने 'सवाई' म्हटले. दादासाहेबांचा मिश्कील स्वभाव ज्यांना त्यांच्याविषयीच्या आख्यायिकांतून ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. एकूण पदव्यांचा हा बाजार वऱ्हाडालाही परका नव्हता.

याच सुमारास तिसऱ्या प्रकारची नावे दिसतात : आर्योद्धारक, स्वदेशहितचिंतक, महाराष्ट्र नाटक मंडळी. येथे ना गाव, ना माणूस, नाव एका ध्येयाचे. केशवराव भोसले यांनी स्वदेशहितचिंतक सोडून १९०८ साली 'ललितकलादर्श' काढली. वास्तविक त्यांच्या गळ्याची कीर्ती इतकी होती की 'भोसले नाटक मंडळी' हे नावही सहज खपले असते. त्यांनी ते घेतले नाही. १९२१ मध्ये केशवराव अकाली गेले, बापूराव पेंढारकरांनी मंडळी हाती घेतली, त्यांच्यानंतर भालचंद्र पेंढारकरांनी. तिन्ही नटांना पाटी बदलावी लागली नाही. अमूर्त नाव दीर्घायुषी ठरते, असा नियम यावरून काढता येणार नाही, कारण त्या काळात अशा नावांच्या कित्येक मंडळ्या बुडाल्याही. पण वारसा हस्तांतरित करताना हे नाव आड आले नाही, एवढे निश्चित.

अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांची दोन नाटके या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' ललितकलादर्शने केले, तर 'रणदुंदुभि' १९२७ साली 'बलवंत संगीत नाटक मंडळी'ने. बलवंत १९१८ मध्ये निघाली. दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे हे तिघेही किर्लोस्कर मंडळीतून आलेले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे स्वतःचे नाव बळवंत, आणि बळवंतराव म्हटले की त्या काळच्या श्रोत्यांना टिळकही आठवत. तिघा भागीदारांपैकी कोणाचेच नाव पाटीवर नाही. वडीलधाऱ्याचे नाव घेतले की आपसांतल्या मानापमानाचा प्रश्न निदान पाटीपुरता मिटतो. गंधर्व मंडळीच्या अगदी पाठोपाठ निघालेल्या मंडळीने हा मार्ग पत्करावा, हे लक्षणीय आहे.

मंडळ्यांविषयी इतके लिहून तमाशाच्या फडाकडे वळले की भाषा एकदम जमिनीवर येते. येथे नाव म्हणजे संपूर्ण ओळख : 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर'. दोन भावांची नावे, जात आणि गाव. यातील कोणताही शब्द लपवलेला नाही. विठाबाई (१९३५–२००२) याच घराण्यातल्या. त्यांचा फड 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' या नावाने उभ्या महाराष्ट्रात फिरला. वडिलांचे नाव, जात, गाव आणि त्यांच्या आधी एका स्त्रीचे स्वतःचे नाव, हा क्रम मराठी रंगभूमीवर दुसरीकडे सहजी सापडणार नाही. त्यांच्या पश्चात शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो 'विठाबाई नारायणगावकर' या नावाने दिला जातो. मधले दोन शब्द सन्मानाच्या वाटेवर गळून पडले. त्यामागे वाईट हेतू असेल असे नाही, कदाचित सद्हेतूच असेल. पण ज्या शब्दांसह त्या बोर्डावर उभ्या राहत, ते शब्द आता केवळ जुन्या जाहिरातींत शोधावे लागतील.

फडांच्या नावांतला 'सह' हा शब्दही थांबून वाचावा असा आहे. तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर. पुढे मुलाने फड सांभाळला तेव्हा रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. आधी जोडीदार, नंतर मुलगा 'सह'च्या अलीकडे आला. कांताबाई मात्र आयुष्यभर त्या शब्दाच्या पलीकडेच राहिल्या. प्रेक्षक येत ते बहुधा पलीकडच्या नावासाठी. उलट कवलापूरच्या काळू-बाळूंची गंमत अशी की ही नावे त्यांची नव्हेतच. लहू आणि अंकुश खाडे या भावांनी 'जहरी प्याला' या वगात केलेल्या हवालदारांची ती नावे. पात्रांनी नटांची नावे पुसून टाकली आणि फडाची पाटीही पात्रांची झाली.

सत्यशोधकांनी आणि नंतर आंबेडकरी चळवळीने 'तमाशा' हा शब्द सोडून 'जलसा' घेतला, कारण तमाशाभोवतीचा अर्थ त्यांना टाकायचा होता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली पथक काढले तेव्हा तीन नामवंत शाहिरांपैकी एकाचेही नाव त्याला दिले नाही. ते 'लाल बावटा कलापथक' झाले. निशाणाच्या नावाखाली तिघे उभे राहिले. तरीही आज आपण त्या पथकाचा इतिहास या तिघांच्याच नावाने लिहितो, हेही खरे. दुसरीकडे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर 'अमुक आणि पार्टी' असे छापले जाई, आणि भीमगीतांच्या क्षेत्रात 'गायन पार्टी' हा शब्द रूढ झाला. 'आणि पार्टी' या दोन शब्दांत ढोलकीवाला, पेटीवाला, कोरसचे सगळे गळे सामावले गेले. आज त्याच जागी 'आणि संच' असे म्हणतात. शब्द सुसंस्कृत झाला. त्याच्या आतली माणसे होती तितकीच अनाम राहिली.

मुंबईतल्या इंग्रजी गाणाऱ्या पोरांनाही हा प्रश्न चुकला नाही. 'रॉक मशीन' या नावाने १९८४ पासून गाजलेल्या बँडने १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. पाश्चात्त्य यंत्राकडून सिंधू नदीकडे असा हा प्रवास. त्यानंतर 'कबीर कला मंच' किंवा 'अभंग रिपोस्ट' अशी नावे आली. त्यांत संत पुन्हा पाटीवर आले, पण मूर्तीसारखे नव्हे. पहिल्यात कबीराचे नाव घेणे ही राजकीय भूमिका आहे, दुसऱ्यात अभंगाला समाजमाध्यमाचे क्रियापद जोडण्याची खेळकर वृत्ती.

संतांकडे वळलोच आहोत तर वऱ्हाडाकडे यावे लागते, कारण येथे नावाचा व्यवहार याच्या नेमका उलटा झालेला आहे. गेल्या शतकात वऱ्हाडाने गाणारे-सांगणारे दोन मोठे लोकशिक्षक दिले. शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर (१८७६–१९५६) हे हातातल्या फुटक्या गाडग्यावरून गाडगेबाबा झाले. यावलीच्या माणिकला वरखेडच्या अडकोजी महाराजांनी 'तुकड्या' म्हटले, म्हणजे भाकरीचे तुकडे मागून खाणारा. तिकडे पुण्या-मुंबईत गायक गंधर्व होत होते, आणि त्याच काळात इकडे एक जण खापराचे नाव घेऊन कीर्तन करीत होता, दुसरा शिळ्या तुकड्याचे नाव घेऊन खंजिरी वाजवीत होता. हा विरोध मला कोणत्याही समीक्षाग्रंथात ठळकपणे मांडलेला आढळला नाही. दोघांनाही नाव बाहेरून मिळाले, पण दोघांनी ते टाकले नाही. तुकडोजींनी तर 'तुकड्यादास' अशी मुद्रा करून ते आपल्या भजनांत गुंफले.

मुद्रेचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. नाटक मंडळीचे नाव पदाच्या बाहेर, हस्तपत्रकावर असते. भजनातले नाव पदाच्या आत, शेवटच्या कडव्यात असते आणि ते गाणाऱ्याचे नसून रचणाऱ्याचे असते. त्यामुळे भजन गाणाऱ्या समूहाला वेगळ्या नावाची निकड भासत नाही. १९३५ साली आमच्या तालुक्यातल्या सालबर्डीला तुकडोजींनी महायज्ञ केला, त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज उभा राहिला. त्यानंतर गावोगावी जी भजनी मंडळे झाली ती बव्हंशी एकाच नावाची : श्रीगुरुदेव सेवा मंडळ, आणि पुढे गावाचे नाव. एकच नाव शेकडो समूहांचे. या नावावर कोणाचा हक्क नाही, ते घेऊन कोणी फुटून निघू शकत नाही, आणि मंडळातला मुख्य आवाज थकला तरी मंडळ तेच राहते. ललितकलादर्शला जे तीन पिढ्यांपुरते साधले, ते येथे प्रत्येक खेड्यात विनासायास साधले आहे.

या अनामिकतेची किंमतही आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये वर्धा नदीपलीकडे आष्टीत, तसेच चिमूर, बेनोडा आणि यावली येथे उठाव झाले, तुकडोजींना कैद झाली. त्या वातावरणात त्यांची भजने किती लोकांच्या तोंडी होती हे सर्व इतिहास सांगतात. यावली आता 'यावली शहीद' म्हणून ओळखली जाते, म्हणजे गावानेही नाव बदलले. पण ती भजने चावडीवर, पारावर कोण म्हणत होते, खंजिरी कोणाच्या हातात होती, हे मंडळांच्या नावांवरून कळण्याचा मार्ग नाही. नाटक मंडळीतल्या दुय्यम नटाचाही उल्लेख कोठल्यातरी आत्मचरित्रात सापडतो. भजनी मंडळातल्या पहिल्या गायकाचासुद्धा सापडत नाही.

आमच्या भागातल्या भजनस्पर्धांना गेले की हा प्रश्न पुन्हा समोर येतो. विशेषतः महिला मंडळांच्या बाबतीत. ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो तो मंडळाच्या आणि गावाच्या नावाचा. गायिकेचे नाव क्वचितच घेतले जाते, आणि घेतले तर 'व संच' हे त्यामागे असतेच. विद्यार्थिनींना लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी पाठवतो तेव्हा त्या आधी मंडळाचे नाव लिहून आणतात. मग मी त्यांना परत पाठवतो : पेटीवर कोण बसले होते, खंजिरी कोणी धरली, पहिली ओळ कोणी उचलली, मागून कोणी झेलली, हे त्यांच्या पूर्ण नावांनिशी लिहा. बहुतेक वेळा उत्तर मिळते ते गावातल्या नात्यांत. अमक्याची आई, तमक्याची मावशी, पाटलाघरची सून. विठाबाईंच्या पाटीवर जे पहिले होते ते नाव येथे मिळवायला दोन-दोन फेऱ्या घालाव्या लागतात.